पेटीची तालीम

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहितात ती माणसं बहुधा निवृत्त झालेली असतात. माझं तर अजून बी.ए. पूर्ण व्हायचं आहे. संपादकांनी विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मला अनुभव तो किती? ते म्हणाले, "तुमचं काम आमच्या वाचकांपैकी कोणी केलेलं नाही, तेवढं पुरे." म्हणून लिहिते आहे.

माझं काम म्हणजे मोठ्या माणसांसाठी शिकवण्या जमवणं. इंग्रजी-गणिताच्या नव्हे. पेटी, चित्र, भरतकाम, असं ज्यातून नोकरी लागत नाही ते. शिकवणारा शोधायचा, शिकणारे शोधायचे, दोघांना परवडेल अशी जागा शोधायची. सांगायला सोपं आहे.

मी सालेकसाकडच्या एका लहान गावची. घरी थोडं धान, म्हणजे भातशेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफूल वेचणं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून नवेगाव बांध इथं मामाकडे राहते. मामाच्या ओळखीनं तिथल्या वाचनालयात संध्याकाळचं काम मिळालं. पुस्तकं देणं, झाडणं, कुलूप लावणं. वाचनालयाला लागून एक लांबट खोली आहे. तिला सगळे हॉल म्हणतात.

वाचनालयाचे सचिव रहांगडाले सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते मुलीकडे नागपूरला गेले, तेव्हा शेजारच्या एका आजोबांना त्यांनी संध्याकाळी रंगांची पेटी घेऊन क्लासला जाताना पाहिलं. परत आल्यावर मला म्हणाले, "पोरांसाठी गावात सतरा शिकवण्या आहेत. मोठ्यांसाठी काय आहे? पानठेला. योगिता, आपण सुरू करू. पण तिथल्यासारखी फी नको. आपल्या माणसाला झेपेल अशी." मग त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली. पोलीस भरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी हॉल मागत होती. मंडईपर्यंत आपली शिकवणी चालली तर ठीक, नाहीतर हॉल त्यांना द्यावा लागेल.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मंडई म्हणजे आमच्याकडे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर गावोगावी जत्रा भरते, दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचा लोकखेळ, होते, रात्री नाटक होतं, लेकीबाळी माहेरी येतात. तिला मंडई म्हणतात.

पहिली शिकवणी चित्रांची होती. शाळेतले एक चित्रकलेचे सर तयार झाले. फी ठेवायची नाही असं मी ठरवलं होतं, पण फुकट म्हटल्यावर लोक विचारू लागले, "कोन्या योजनेचं हाये? सही कुठं घेऊन राहिले?" तेव्हा नावापुरती फी ठेवली, मग चौघे आले. सरांनी सवयीनं हजेरी घेतली. एक किराणा दुकानदार झटकन उभे राहून म्हणाले, "हजर सर!" बाकीचे हसले. दुसऱ्या दिवशी दुकानदार आले नाहीत आणि त्यांच्यामागे इतरही नाहीत. या कामात मी शिकलेली पहिली गोष्ट ही. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट न जमण्याची लाज नसते. न जमताना कोणी पाहिलं याची असते.

पेटी शिकवायला मारुतीभाऊ मिळाले. ते नाटक मंडळीत ऑर्गन वाजवतात. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांना जेवायला फुरसत नसते आणि पावसाळ्यात काम नसतं. पावसाळ्यात ते कमी पैशांत शिकवायला तयार होते. पण पावसाळ्यात आमचं सगळं गाव रोवणीच्या, म्हणजे धान लावणीच्या, चिखलात असतं. म्हणजे गुरुजी मोकळे तेव्हा शिष्य बांधीत, धानाच्या वावरात, आणि शिष्य मोकळे तेव्हा गुरुजी दौऱ्यावर. रोवणी संपल्यावर आणि कापणी लागण्याआधी जी थोडी फट असते, तीच आमची शाळा. ही फट सापडल्यावर मला फार मोठा शोध लावल्यासारखं वाटलं होतं.

मी चांगल्या अक्षरात फलक लिहिला, "प्रौढांसाठी छंदवर्ग". त्याच्या प्रती बस थांब्यावर, राइस मिलच्या फाटकाला आणि दवाखान्यासमोर लावल्या. आठवडा गेला, कोणी आलं नाही. मारुतीभाऊ रोज यायचे, रिकाम्या हॉलमध्ये स्वतःसाठीच वाजवायचे आणि जायचे. मी कपाटं पुसत ऐकायची.

मग एका संध्याकाळी एक बाई तरातरा आत आल्या. पन्नाशी उलटलेली, लुगड्याला कोंडा लागलेला, हातात माझाच फलक.

"कोन लावलं हे?"

"मी."

"लाज नाही वाटत? शिकलेली पोट्टी दिसतेस. आमच्या बुड्याले का कमी छंद हायेत? सट्ट्याचा हाये, दारूचा हाये. अन् तुमी आता त्याचे वर्ग काढून राहिले?"

छंदीफंदी हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या गावात 'त्याले छंद लागला' म्हटलं की बायका कपाळाला हात लावतात. पुस्तकातला छंद वाचता वाचता मी घरातला छंद विसरून गेले होते.

"मावशी, हा तसला नाही. चित्र, गाणं, असं..."

"गान्याचा बी होता त्याले. लग्नाच्या आधी."

मारुतीभाऊंचा हात पेटीवर थांबला होता. बाई त्यांच्याकडे वळल्या. "तू काऊन थांबला गा? वाजव. मी हिच्याशी भांडून राहिली, तुह्याशी नाही."

ते वाजवू लागले. बाई भांडण विसरल्या. गाणं संपेपर्यंत उभ्याच होत्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हे शिकवता का इथं?"

"हो."

"बायायले?"

"कोणालाही."

"बुड्यायले?"

"मोठ्या माणसांसाठीच आहे, मावशी."

"मंग तसं लिव्हा ना बाप्पा. छंद कायले लिव्हता?"

त्या धुरपताबाई. राइस मिलमध्ये धान वाळवण्याचं, झाडण्याचं काम करतात. दुसऱ्या दिवशी मिल सुटल्यावर आल्या. चपला दाराबाहेर काढल्या नाहीत, पिशवीत घालून आत आणल्या. दाराशी कोणाच्या चपला आहेत यावरून आत कोण आहे हे गावात सगळ्यांना कळतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून नवीन माणसासाठी मी आत एक गोणपाट अंथरून ठेवते.

मारुतीभाऊंनी त्यांना पेटीसमोर बसवलं. "भाता हलवा अन् पट्टी दाबा." त्यांनी दाबली. हॉलभर लांब सूर पसरला. धुरपताबाईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"वाजली?"

"वाजली."

"माह्या हातानं?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरी दंडारीची मंडळी होती. मोठ्या भावाची पेटी माळ्यावर असायची. पोरींनी वरची धूळ पुसायची, पेटी उघडायची नाही. एकदा घरी कोणी नसताना त्यांनी उघडली आणि एक पट्टी दाबली. आवाज आला नाही. दुसरी दाबली, तरी नाही. मागचा भाता हलवावा लागतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "मले वाटलं, पोरीच्या हातानं वाजत नसन. पेटीले समजत असन." लग्न झालं, लेकरं झाली, इतकी वर्षं गेली, आणि त्या हेच खरं धरून होत्या.

मारुतीभाऊ खूप वेळ पेटीचं झाकण पुसत राहिले. मग म्हणाले, "दाबा जी. आज फक्त वाजवा. शिकनं उद्यापासून."

त्यानंतर धुरपताबाई एकही दिवस चुकल्या नाहीत. हळूहळू आणखी लोक आले. एक शिंपी आला, दोघी अंगणवाडीच्या बाया आल्या आणि रेल्वेत गँगमन होते ते रामलालजी आले. रामलालजी हिंदी आणि छत्तीसगढी मिसळून बोलायचे, म्हणजे फारसं बोलायचेच नाहीत. त्यांची पाळी आली की सा लावून डोळे मिटून बसायचे. मारुतीभाऊ म्हणायचे, "पुढं चला ना जी." ते म्हणायचे, "जाएंगे, जाएंगे. अभी यहीं अच्छा लग रहा है."

धुरपताबाईंना शिकायचं होतं ते रोवणीचं एक गाणं. बांधीत बाया म्हणतात ते, कुठल्या पुस्तकात नाही. त्या गुणगुणायच्या आणि मारुतीभाऊ सूर शोधून द्यायचे. त्यांची बोटं वाकलेली, एका वेळी दोन पट्ट्या दाबल्या जायच्या. "हे बोट ऐकत नाही माहं. नवऱ्यावर गेलं," त्या म्हणायच्या, आणि अंगणवाडीच्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

मग त्यांचा मुलगा आला. नरेश छोटा हाथी चालवतो, म्हणजे धानाची पोती वाहायची ती लहान मालवाहू गाडी. त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती. तो दारातच उभा राहिला.

"मॅडम, माहं एक काम हाये. उद्यापासून माय इथं नाही आली पाहिजे."

"काय झालं, भाऊ?"

"का झालं? पोरीकडचे लोक चौकशी करून राहिले. मिलच्या फाटकावर म्हनतेत, बाप छंदी हायेच, आता बुडीले बी छंद लागला. मी कोनाकोनाले तोंड देऊ?"

आत धुरपताबाईंची पेटी थांबली. त्या सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, त्या आता उठतील, पिशवीतून चपला काढतील आणि जातील. मी घाबरले की मला शब्द सुचत नाहीत, आणि सुचला तर भलताच सुचतो.

"छंद नाही, भाऊ. मावशी... तालमीला येतात."

नरेशचा चेहरा बदलला. "तालीम? कोन्या नाटकाची?"

"नाटकाची नाही. पेटीची."

"म्हनजे मंडईले?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आमच्या भागात तालमीला मान आहे. मंडईच्या आधी शिक्षक, तलाठी, सरपंचाचा भाऊ, पिकल्या मिशांचे बाप्ये, सगळे तालमीला बसतात. तिथं चुकलं तर कोणी हसत नाही, कारण ती तालीमच असते. नरेश आत डोकावून म्हणाला, "माय, सांगितलं काऊन नाही? मंडईचं हाये म्हनून?" आणि गेला. त्या रात्रीच मी सगळे फलक काढले आणि नवीन लिहिले, "पेटीची तालीम. मोठ्या माणसांसाठी." दुसऱ्या दिवशी धुरपताबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या. आठवडाभरात हॉलमध्ये बसायला जागा कमी पडू लागली.

पण तालीम म्हटली की प्रयोग आला. जो तो विचारू लागला, "कधी हाये?" नरेशनं तर धानाच्या फेऱ्यांवर गावोगाव सांगून ठेवलं. धुरपताबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं.

"पोरी, तुले हे का सुचलं व? मी, मंडईत? माहं अर्धं गानं बसलं नाही."

"मावशी, नको असेल तर मी सांगते सगळ्यांना."

"आता सांगशील त नरश्या मले दारात बी उभी नाही करन." त्या पेटीशी जाऊन बसल्या. "चाल, दाखव गा मारुती, मधातलं कसं आहे ते."

रामलालजी मात्र यायचे बंद झाले. बस थांब्यावर भेटले तेव्हा मी विचारलं, तब्येत बरी नाही का. ते संकोचून म्हणाले, "नहीं बेटी, तबीयत ठीक है. तुम लोग अब प्रोग्राम कर रहे हो. मैं तो बस बैठने आता था." मी म्हटलं, तुम्ही नुसते बसा, तुम्हाला कोणी स्टेजवर नेणार नाही. ते "हाँ, हाँ" म्हणाले, पण आले नाहीत. ज्या शब्दानं इतकी माणसं आत आली, त्याच शब्दानं एक माणूस बाहेर गेला. अजूनही सा ऐकला की मला ते आठवतात.

दिवाळी झाली. मंडईच्या दिवशी मारुतीभाऊंचं नाटक दुसऱ्या गावी लागलं होतं. ते आदल्या दिवशी आपली जुनी पेटी ठेवून गेले. जाताना धुरपताबाईंना म्हणाले, "अडलं त थांबा. पळू नका." बस, तेवढंच.

मंडपात दंडार सुरू होण्याआधीचा थोडा वेळ आम्हाला दिला होता. खेळणीवाल्यांच्या पिपाण्या, जिलेबीचा वास, समोर अख्खं गाव. माइकवाला म्हणाला, "आता नरेशभाऊची माय पेटी वाजवणार हाये."

"नाव घे ना गा," धुरपताबाई खालून म्हणाल्या. "धुरपता."

ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले. त्या बसल्या, भाता हलवला, गाणं सुरू केलं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात बोट अडलं. त्या थांबल्या. तीच पट्टी पुन्हा दाबली, मग शेजारची, मग पुन्हा तीच. गर्दीत कुजबुज सुरू झाली. मी नरेशकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक म्हातारे बाबा मागं वळून ओरडले, "अरे गप बसा ना! पेटी सुरात लावून राहिली ते!"

पेटीला असा सूर लावावा लागत नाही, पण गर्दी गप्प झाली. आमच्याकडे वाजवणारा सूर लावत असताना कोणी बोलत नाही. लोक इतके शांत बसले की लांबच्या पिपाण्या ऐकू येऊ लागल्या. धुरपताबाईंनीही बाबांचं ओरडणं ऐकलं असणार. कारण त्यांनी घाई केली नाही. खरंच सूर लावल्यासारख्या दोन-तीन पट्ट्या शांतपणे दाबून पाहिल्या, पदर सावरला आणि गाणं पहिल्यापासून घेतलं. बाया आपोआप सोबत म्हणू लागल्या. त्या गाण्यातल्या कुठल्या ओळीला किती थांबायचं हे त्या बायांना मारुतीभाऊंपेक्षाही चांगलं ठाऊक होतं.

उतरल्यावर त्या मला म्हणाल्या, "त्या बाबाले पानी पाज व. जीव वाचवला त्यानं."

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मंडईनंतर कापणी लागली, मारुतीभाऊ दौऱ्यावर गेले, हॉल संध्याकाळी रिकामा दिसू लागला. रहांगडाले सरांनी मला बोलावलं. मान खाली घालून म्हणाले, "योगिता, मंडईपर्यंत चाललं खरं, पण आता हॉल रिकामा राहतो. समितीचं ठरलं. हॉल अकॅडमीला. पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे. आपलं हौसेचं आहे." माझा स्वतःचा भाऊ पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतो. त्याच्या पोटासमोर धुरपताबाईंची पेटी ठेवून मी कुठल्या तोंडानं भांडणार? जागा शोधायला मी शाळेत गेले, समाज मंदिरात गेले. कुठं परीक्षा होत्या, कुठं लग्नं.

शेवटी सांगायला धुरपताबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात सुपानं धान पाखडत होत्या. नरेश गाडी धूत होता.

"मावशी, हॉल गेला," मी म्हटलं.

त्या पाखडतच राहिल्या. मग विचारलं, "पेटी कुठं हाये?"

"वाचनालयात. कपाटात ठेवली आहे."

"कुलूप लावून?"

"हो."

त्यांनी सूप खाली ठेवलं. नरेशनं बादली बाजूला सरकवली.

"मॅडम, किती जागा लागते?"

"दोन सतरंज्या मावतील एवढी."

तो आपल्या टिनाच्या शेडकडे पाहू लागला. त्यात त्याची गाडी उभी राहायची. "मंग इथं बसा ना. गाडी बाहेर राहीन."

"अन् पावसात?" धुरपताबाई म्हणाल्या.

"गाडी का मिठाची हाये?"

तेव्हापासून आमची तालीम त्या शेडमध्ये चालते. दौऱ्यातून सुटी मिळाली की मारुतीभाऊ येतात, नाहीतर जुने नव्यांना दाखवतात. फी तीच, नावापुरती. बुधवारी तिथंच भरतकाम असतं. किराणा दुकानदारही परत आले आहेत. भिंतीकडे तोंड करून बैलजोड्या काढतात, हजेरी कोणी घेत नाही. माझ्याकडे आता आजूबाजूच्या गावांतूनही विचारणा येते. इटियाडोह धरणाकडच्या एका बाईंना पोहायला शिकायचं आहे. जन्म पाण्याकाठी गेला, पण पाण्यात कधी उतरल्या नाहीत. शिकवणारी बाईच हवी. मी शोधते आहे.

मागच्या आठवड्यात मी शेडमध्ये गेले तेव्हा धुरपताबाई एकट्याच बसवत होत्या, एक नवीन गाणं. नरेश बाहेर गाडीखाली आडवा होऊन काहीतरी खोलत होता. गाडीखालून आवाज आला, "माय, मधातला सूर चुकला."

"तुले का समजते रे त्यातलं?"

"रोज ऐकून राहिलो. समजन नाही का?"

धुरपताबाईंनी भाता थांबवला. सतरंजीवर थोड्या बाजूला सरकल्या.

"मंग खालून कायले ओरडून राहिला? ये, दाखव."

"माहे हात ग्रीसचे हायेत."

"बादलीत पानी हाये."

मग पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि पाण्याचा.